वायरशार्क 4.6 : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेटवर्कवरची पॅकेट पकडून दाखवणाऱ्या वायरशार्क या प्रोग्रॅमची 4.6 ही स्थिर आवृत्ती 8 ऑक्टोबर 2025 रोजी आली. तेव्हापासून येणाऱ्या प्रश्नांत एक वाक्य ठरलेलं असतं : "अपग्रेड केल्यापासून काहीतरी बिघडलंय." त्यातल्या बऱ्याच तक्रारींचा 4.6 शी काही संबंध नसतो. कॅप्चर (पकडलेल्या पॅकेटांची नोंद) चुकीच्या ठिकाणी घेतलेलं असतं, नाहीतर फिल्टरचा अर्थ काही आवृत्त्यांपूर्वीच बदललेला असतो. जे थोडे बदल खरोखर 4.6 चे आहेत, ते त्या त्या उत्तरात स्पष्ट सांगितले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत. रोज कॅप्चर वाचणाऱ्यांनी थेट प्रश्न 7 पासून वाचलं तरी चालेल.

1. वायरशार्क नेमकं करतं काय? व्हायरस किंवा हॅकर पकडून देतं का?

तुमच्या नेटवर्क कार्डापर्यंत पोचलेल्या पॅकेटांची प्रत घ्यायची आणि ती थराथराने उलगडून दाखवायची, एवढंच त्याचं काम. ते काही अडवत नाही आणि "हा हल्ला आहे" असा निकालही देत नाही. त्यासाठी सुरिकाटा किंवा झीकसारखी साधनं आहेत. त्यांनी इशारा दिल्यावर नेमकं काय घडलं हे बघायला वायरशार्क उघडायचं.

जेराल्ड कोम्ब्स यांनी 1998 मध्ये 'इथीरियल' नावाने हा प्रकल्प सुरू केला. ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे 2006 मध्ये त्याचं नाव वायरशार्क झालं. आज शोधताना इथीरियलचे जुने लेख सापडतात. त्यातली तत्त्वं बरोबर असली तरी मेनू आणि फिल्टर आता तसेच राहिलेले नाहीत.

2. 4.4, 4.5, 4.6 यातली कुठली घ्यायची?

मधला आकडा सम असेल तर आवृत्ती स्थिर, विषम असेल तर ती विकासकांसाठी. म्हणजे रोजच्या कामाला 4.6, आणि त्यातलीही शेवटचा आकडा सगळ्यात मोठा असलेली. शेवटच्या आकड्यात मुख्यतः दोषदुरुस्त्या आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. त्या टाळू नका, कारण वायरशार्क परक्या माणसाने पाठवलेला डेटा वाचतं. मुद्दाम बिघडवलेल्या पॅकेटने प्रोग्रॅम कोसळवता येतो, असे दोष त्यात वेळोवेळी सापडत आले आहेत.

3. माझी मशीन जुनी आहे. 4.6 चालेल का?

विंडोज 7 साठी अधिकृतपणे शेवटची शाखा 3.2, 32-बिट विंडोजसाठी 3.6 आणि विंडोज 8.1 साठी 4.0. अशा मशीनवर 4.6 बसवायची खटपट करू नका. तिथे फक्त कॅप्चर घ्या आणि फाइल नव्या मशीनवर उघडा. मॅकवाल्यांची एक कटकट मात्र संपली : इंटेल आणि आर्मसाठी वेगवेगळे इन्स्टॉलर होते, 4.6 पासून दोघांना एकच चालतो.

4. वायरशार्क फुकट आहे, मग एनपीकॅपच्या परवान्यात पाच मशीनची मर्यादा का लिहिली आहे?

कारण ती दोन वेगळी सॉफ्टवेअर आहेत. वायरशार्क जीपीएल परवान्याखाली आहे, कितीही मशीनवर बसवा. विंडोजवर पॅकेट पकडून देणारा ड्रायव्हर म्हणजे एनपीकॅप, आणि त्याच्या मोफत आवृत्तीला पाच मशीनची मर्यादा आहे. पण जिथे तो फक्त वायरशार्क किंवा एनमॅपसाठी वापरला जातो, त्या मशीन या मोजणीत धरल्या जात नाहीत. त्यामुळे बहुतेकांना काळजीचं कारण नाही.

खरी अडचण येते ती ऑफिसभर एकदम बसवताना. मोफत एनपीकॅप 'सायलेंट' पद्धतीने, म्हणजे काही न विचारता आपोआप, बसत नाही, ती सोय पैसे भरून मिळणाऱ्या ओईएम आवृत्तीत आहे. म्हणून वायरशार्क सायलेंट मोडमध्ये पन्नास मशीनवर बसतं आणि पन्नासही ठिकाणी इंटरफेसची यादी रिकामी दिसते. हा दोष नाही, ठरवून केलेलं आहे.

5. 4.6 टाकल्यावर एकही इंटरफेस दिसत नाही. काय करू?

विंडोजवर आधी बघा, जुनं विनपीकॅप अजून बसलेलं आहे का. 4.6 मध्ये त्याचा आधार काढून टाकला आहे. विनपीकॅपची शेवटची आवृत्ती 4.1.3 ही 2013 ची, त्यामुळे ते कधीतरी होणारच होतं. ते काढा, एनपीकॅप बसवा आणि मशीन पुन्हा सुरू करा. विनपीकॅप नव्हतंच, तर एनपीकॅप तरी बसलंय का ते बघा (प्रश्न 4 चा शेवट).

लिनक्सवर हा परवानगीचा मामला असतो. डेबियन-उबुंटूवर बसवताना "रूट नसलेल्यांना कॅप्चर करू द्यायचं का" असं विचारतात आणि आपण घाईत 'नो' म्हणतो. तो पर्याय बदला, स्वतःला 'वायरशार्क' या ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. लॉगआउट केल्याशिवाय ग्रुप लागू होत नाही आणि माणसं तासभर डोकं खाजवत बसतात. पण म्हणून सगळं वायरशार्क रूट म्हणून चालवू नका. पकडायचं काम डम्पकॅप नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो, अधिकार फक्त त्याला हवेत. बाकीचा प्रचंड कोड परक्या पॅकेटांचा अर्थ लावत असतो, त्याच्या हातात रूटच्या किल्ल्या कशाला?

मॅकवर इन्स्टॉलरसोबत येणारं, कॅप्चरची परवानगी देणारं 'सीएचमॉड-बीपीएफ' बसवायचं राहून गेलेलं असतं.

6. मला फक्त माझंच ट्रॅफिक दिसतं. प्रॉमिस्क्युअस मोड तर चालू आहे!

चालू असेल, पण स्विच तुमच्या पोर्टवर दुसऱ्याची पॅकेट पाठवतच नाही. कार्डाने सगळं घ्यायचं ठरवलं तरी त्याच्यापर्यंत पोचतं ते तुमचं स्वतःचं आणि ब्रॉडकास्ट वगैरे, एवढंच. दुसऱ्या मशीनचं ट्रॅफिक हवं असेल तर स्विचवर मिरर पोर्ट (दुसऱ्या पोर्टच्या ट्रॅफिकची प्रत देणारा) लावून घ्या, मध्ये टॅप (वायरवरच्या ट्रॅफिकची प्रत देणारं उपकरण) बसवा, किंवा सरळ त्या मशीनवरच कॅप्चर घ्या. कुठलीही नवी आवृत्ती यात बदल करू शकणार नाही.

वायफायवर मॉनिटर मोड (हवेतली सगळी पॅकेट ऐकण्याचा) लागतो आणि तो कार्ड व ड्रायव्हरवर अवलंबून असतो. तो मिळाला तरी डब्ल्यूपीए2 उलगडायला पासवर्ड आणि त्या उपकरणाचा सुरुवातीचा चार संदेशांचा हँडशेक, दोन्ही लागतात. हँडशेक हुकला असेल तर ते उपकरण नेटवर्कवरून काढून परत जोडायला सांगा. डब्ल्यूपीए3 मात्र नुसत्या पासवर्डवर उलगडत नाही.

आणि दुसऱ्याचं ट्रॅफिक बघायचं तर नेटवर्कच्या मालकाची परवानगी आधी, लेखी घ्या.

7. कॅप्चर फिल्टर आणि डिस्प्ले फिल्टर वेगळे का? एकाची भाषा दुसऱ्यात चालत नाही.

कॅप्चर फिल्टर पॅकेट पकडतानाच लागतो आणि ती भाषा टीसीपीडम्पच्या लिबपीकॅपची आहे. तिला होस्ट, पोर्ट, नेटवर्क, प्रोटोकॉल एवढं कळतं, "या वेबसाइटचा 404" कळत नाही. डिस्प्ले फिल्टर वायरशार्कचा स्वतःचा, पॅकेट उलगडून झाल्यावर लागणारा, त्यामुळे उलगडलेल्या कुठल्याही फील्डवर चालतो.

माझा सल्ला : शंका असेल तेव्हा कॅप्चर फिल्टर लावूच नका. डिस्प्ले फिल्टरने लपवलेलं परत दिसतं, कॅप्चर फिल्टरने गाळलेलं कायमचं गेलं. व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्क) टॅग असलेल्या लिंकवर तर साधा 'होस्ट' फिल्टरही काहीच न पकडता बसू शकतो, कारण टॅगमुळे आयपी हेडर चार बाइट पुढे सरकलेलं असतं. तिथे फिल्टरच्या आधी 'व्हीलॅन' हा शब्द जोडावा लागतो.

8. माझे जुने डिस्प्ले फिल्टर आता वेगळीच पॅकेट दाखवतात. 4.6 चुकतंय का?

नाही. तुम्ही मधल्या आवृत्त्या वगळून उडी मारली आहे. तीन बदल लक्षात ठेवा.

पहिला `!=` चा, 3.6 पासूनचा. आयपी पत्त्याचं सर्वसाधारण फील्ड एका पॅकेटमध्ये दोनदा येतं, पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं. पूर्वी "पत्ता `!=` 10.0.0.5" लिहिलं की दोघांपैकी एक जरी वेगळा असला तरी पॅकेट पास व्हायचं, म्हणजे 10.0.0.5 चं ट्रॅफिकही जसंच्या तसं दिसत राहायचं. आता त्याचा अर्थ "दोन्हीपैकी एकही 10.0.0.5 नसावा" असा आहे, जो सगळ्यांना पहिल्यापासून अपेक्षित होता. कुणाला जुनाच अर्थ हवा असेल तर `!==` वापरा.

दुसरा बदल 4.0 चा आणि जास्त धोकादायक, कारण फिल्टरची चौकट हिरवीच (म्हणजे लिखाण बरोबर) राहते आणि उत्तर बदलतं. 'अँड' आता 'ऑर'च्या आधी बांधला जातो. "एचटीटीपी ऑर डीएनएस अँड पत्ता 10.0.0.5" हा फिल्टर घ्या. पूर्वी त्याचा अर्थ "त्या पत्त्याचं एचटीटीपी किंवा डीएनएस" असा लागायचा. आता "सगळ्यांचं एचटीटीपी, आणि त्या पत्त्याचं डीएनएस" असा लागतो. जतन केलेल्या फिल्टरांत 'अँड' आणि 'ऑर' एकत्र दिसले की कंस घाला. कंस घातलेला फिल्टर सगळ्या आवृत्त्यांत सारखाच चालतो.

तिसरा निरुपद्रवी. महिरपी कंसातल्या यादीत दोन पोर्टांमध्ये नुसती मोकळी जागा चालत होती, 4.0 पासून स्वल्पविराम हवा. तो नसेल तर फिल्टर लाल होतो, त्यामुळे लगेच कळतं.

9. माझ्याच मशीनची पॅकेट चुकीच्या चेकसमची किंवा 1,514 बाइटपेक्षा मोठी दिसतात. कार्ड खराब आहे का?

कार्ड ठीक आहे. तुम्ही पॅकेट वायरवर जायच्या आधीच बघताय.

एक उदाहरण उलगडू. सर्व्हरवरच कॅप्चर घेतलंय आणि एका पॅकेटची लांबी 2,974 बाइट दिसतेय. त्यातून इथरनेटचे 14, आयपीचे 20 आणि टीसीपीचे 20 वजा करा, उरतात 2,920, म्हणजे बरोबर दोनदा 1,460. ऑपरेटिंग सिस्टिमने दोन सेगमेंटचा माल एकाच गठ्ठ्यात कार्डाकडे दिला आणि तोडायचं काम कार्डावर सोपवलं. याला सेगमेंटेशन ऑफलोड म्हणतात. चेकसमही कार्डच भरतं, म्हणून वायरशार्कला मिळालेल्या प्रतीत तो अजून अर्धवट असतो. घेणाऱ्या बाजूलाही असंच घडतं. तिथे आलेली लहान पॅकेट जोडून वर पाठवली जातात.

म्हणूनच टीसीपी आणि यूडीपीचा चेकसम तपासायचा पर्याय मुळात बंद असतो. तुम्हाला लाल ओळी दिसत असतील तर कुणीतरी तो चालू केलाय. प्रेफरन्सेसमध्ये त्या त्या प्रोटोकॉलखाली तो सापडेल.

याच जातीची आणखी एक गंमत : तुमची स्वतःची एआरपी विनंती (आयपी पत्त्याचा मॅक पत्ता विचारणारी) 42 बाइटची दिसते आणि समोरून आलेलं उत्तर 60 चं. इथरनेटची किमान लांबी भरून काढणारी भर कार्ड घालतं, आणि ती जाताना तुम्हाला दिसत नाही. वायरवर नक्की काय गेलं हे हवं असेल तर कॅप्चर दुसऱ्या मशीनवर, मिरर पोर्टवरून घ्या.

10. पडदाभर काळ्या ओळी, सगळीकडे 'रीट्रान्समिशन'. नेटवर्क एवढं वाईट आहे का?

असेलही. पण आधी नक्कल की खरी पुनरावृत्ती ते ठरवा. मिरर पोर्ट येणारं आणि जाणारं दोन्ही कॉपी करत असेल, तर एकच पॅकेट दोनदा मिळतं आणि दुसऱ्याला रीट्रान्समिशनचा शिक्का बसतो. दोन्ही ओळींतलं आयपी हेडरमधलं आयडेंटिफिकेशन बघा. तोच आकडा, आणि वेळेतला फरक मायक्रोसेकंदांचा, तर ती नक्कल. खऱ्या रीट्रान्समिशनमध्ये सहसा हा आकडा बदललेला असतो आणि अंतर मिलिसेकंदांत किंवा त्याहून जास्त असतं. (काही सिस्टिम हा आकडा शून्यच ठेवतात. तिथे फक्त वेळेवर विसंबावं लागतं.)

नकला काढायला वायरशार्कसोबत येणारं एडिटकॅप आहे. पण एक अपवाद अनेकांना चकवतो. मिरर राउटरच्या दोन्ही बाजूंचा असेल तर दुसऱ्या प्रतीत टीटीएल (प्रत्येक राउटरवर घटणारा आकडा) एकाने कमी आणि मॅक पत्ते बदललेले असतात. एडिटकॅप संपूर्ण पॅकेटची तुलना करतं, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ती वेगळी पॅकेट ठरतात आणि तशीच राहतात. तिथे टीटीएलवर किंवा मॅक पत्त्यावर डिस्प्ले फिल्टर लावून एकच बाजू ठेवा.

आणि "न पाहिलेल्या सेगमेंटचा अ‍ॅक (पोच)" अशा अर्थाची सूचना आली, तर नेटवर्कला दोष देऊ नका. समोरच्याला पॅकेट मिळालंय, तुमच्या कॅप्चरमधून निसटलंय. खालच्या पट्टीत 'ड्रॉप्ड' आकडा दिसतोय का ते बघा आणि प्रश्न 14 वाचा.

11. एचटीटीपीएसमधला मजकूर 4.6 मध्ये वाचता येतो का?

जेवढा आधी वाचता येत होता तेवढाच. सर्व्हरची आरएसए खासगी किल्ली देऊन उलगडायची जुनी युक्ती टीएलएस 1.3 मध्ये चालत नाही, आणि 1.2 मध्येही डिफी-हेलमन पद्धतीने किल्ल्या ठरत असतील तर नाही. आता रस्ता एकच : ज्या प्रोग्रॅमने जोडणी केली त्याच्याकडून सत्राच्या किल्ल्या मिळवणं. क्रोम आणि फायरफॉक्स 'एसएसएलकीलॉगफाइल' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये दिलेल्या फाइलमध्ये किल्ल्या लिहितात (रोमन लिपीत, सगळी अक्षरं कॅपिटल, मध्ये जागा नाही). ती फाइल टीएलएसच्या प्रेफरन्सेसमध्ये दाखवा.

जमलं नाही तर कारण बहुतेक वेळा या दोघांपैकी असतं : व्हेरिएबल लावायच्या आधीपासून ब्राउझर मागे चालू होता, किंवा कॅप्चर जोडणीच्या मध्यात सुरू झालं आणि हँडशेक हुकला. किल्ल्या फाइलमध्येच भरून पाठवायच्या असतील तर आधी प्रश्न 16 बघा.

4.6 ने या बाबतीत दोन जागी मजल मारली आहे. घड्याळ जुळवणाऱ्या एनटीपीची एनटीएसने सुरक्षित केलेली पॅकेट आता उलगडतात, आणि मॅकसेकच्या (इथरनेटवरच्या एन्क्रिप्शनच्या) फ्रेम उलगडायची सोय वाढली आहे, अर्थात किल्ल्या तुमच्याजवळ असतील तरच.

12. टीशार्कवर (वायरशार्कच्या कमांड-लाइन रूपावर) चालणारी माझी स्क्रिप्ट 4.6 मध्ये वेळ चुकीची वाचते. का?

हा बदल खरोखर 4.6 चा आहे. जेसन आउटपुटमध्ये तारीख-वेळेची फील्ड आता कायम आयएसओ 8601 पद्धतीने आणि यूटीसीमध्ये लिहिली जातात, पडद्यावर तुम्ही काहीही निवडलेलं असो. 'फील्ड्स' आउटपुट, सानुकूल स्तंभ आणि त्यांचं सीएसव्ही यांतही महिन्याचं नाव आधी येणारी जुनी मांडणी मागे पडून आयएसओ 8601 आली आहे.

जुनी मांडणी परत आणणारं एक प्रेफरन्स ठेवलेलं आहे, पण ते कामचलाऊ समजा, पुढे ती मांडणी पूर्ण काढली जाऊ शकते. स्क्रिप्टच दुरुस्त करा. शक्य असेल तिथे 1970 पासूनचे सेकंद देणारं 'इपॉक' फील्ड घ्या, म्हणजे टाइमझोनचा प्रश्नच उरत नाही. यूटीसी स्तंभात वेळेच्या शेवटी आता 'झेड' हे अक्षरही येतं. ठरावीक लांबीचा मजकूर कापणाऱ्या स्क्रिप्ट त्यावर अडखळतात.

13. 'प्लॉट्स' हे नवीन काय आहे? आयओ ग्राफ होताच की.

आयओ ग्राफ दर सेकंदाची किंवा ठरवलेल्या कालखंडाची बेरीज-सरासरी काढतो. प्लॉट्समध्ये प्रत्येक पॅकेटचं मूल्य वेगळा ठिपका होऊन पडतं. डीएनएस उत्तरांना लागलेला वेळ दोन्हींत काढून बघा : आयओ ग्राफची सरासरी शांत सपाट दिसेल, प्लॉटमध्ये मात्र खाली दाट पट्टा आणि वर एका ठरावीक उंचीवर सुटे ठिपके दिसू शकतात. ते ठिपके म्हणजे टाइमआउट होऊन पुन्हा विचारलेले प्रश्न. माझ्या मते एवढ्यासाठीसुद्धा 4.6 घ्यावं.

14. कॅप्चर रात्रभर चालू ठेवलं तर वायरशार्क हळू होतं आणि कोसळतं. नवीन कॉम्प्रेशनने फरक पडेल का?

डिस्कवर पडेल, मेमरीवर नाही. 4.6 कॅप्चर चालू असतानाच फाइल दाबून लिहू शकतं. पूर्वी हे फाइल बदलताना होत असे. पण वायरशार्क प्रत्येक पॅकेटची माहिती मेमरीत धरून ठेवतं, ती वाढतच जाते. शिवाय एन्क्रिप्टेड ट्रॅफिक फारसं दबतही नाही.

लांब कॅप्चरसाठी पडदा उघडूच नका. डम्पकॅपला रिंग बफर लावून द्या, समजा 100 मेगाबाइटच्या वीस फाइल, जुनी पुसली जाऊन नवी येते. फक्त हेडर पुरत असतील तर प्रत्येक पॅकेटचे सुरुवातीचे 128 बाइटच ठेवा. पॅकेट निसटण्यावरही हाच उपाय.

15. जुने प्लगइन आणि सेटिंग गेले का?

प्रोफाइल जागेवर असतात. सी मध्ये लिहिलेले प्लगइन प्रत्येक शाखेसाठी नव्याने कंपाइल करावे लागतात, म्हणजे 4.4 चे 4.6 मध्ये चालणार नाहीत. लुआ स्क्रिप्ट सहसा चालतात, पण 4.4 पासून लुआ 5.1 आणि 5.2 चा आधार गेला आहे. अगदी जुनी स्क्रिप्ट बंद पडली तर पहिला संशय त्याच्यावर. 4.4 मध्येच आलेली एक चांगली सोय अनेकांना माहीत नाही : प्रोफाइलला डिस्प्ले फिल्टर जोडून ठेवला की त्याच्याशी जुळणारी फाइल उघडताच ते प्रोफाइल आपोआप लागतं.

16. कॅप्चर फाइल दुसऱ्याला मदतीसाठी पाठवली तर चालेल का?

त्यात काय आहे ते बघून. साध्या एचटीटीपीतले पासवर्ड, कुकी, अंतर्गत पत्ते, डीएनएसवरून कळणारी साइटची नावं, सगळं जातं. लागणाऱ्या जोडणीचा डिस्प्ले फिल्टर लावा आणि 'एक्सपोर्ट स्पेसिफाइड पॅकेट्स'मधून फक्त 'डिस्प्लेड' निवडून पाठवा. नुसता फिल्टर लावून नेहमीसारखं सेव्ह केलं तर लपलेली पॅकेटही फाइलमध्ये जातात.

पीकॅप-एनजी (वायरशार्कचं नेहमीचं फाइल-स्वरूप) फाइलमध्ये टीएलएसच्या किल्ल्याही भरता येतात. तशी फाइल मिळालेला माणूस सगळं उघडं वाचू शकतो, वेगळं काही न मागता. त्यातच मशीनचं नाव, इंटरफेसचं वर्णन आणि तुम्ही लिहिलेल्या टिपाही असतात. फाइल साध्या पीकॅप स्वरूपात सेव्ह केली की ही जादा माहिती गळून पडते.

17. कुठलं पॅकेट कुठल्या प्रोग्रॅमने पाठवलं हे दिसेल का?

सर्वसाधारणपणे नाही, कारण पॅकेटमध्ये ती माहिती नसतेच. अपवाद मॅकचा : तिथलं टीसीपीडम्प पीकॅप-एनजीमध्ये प्रोसेसची माहिती लिहू शकतं आणि 4.6 ती वाचून दाखवतं. फाइल मॅकवरच्या टीसीपीडम्पने तयार केलेली हवी, मग उघडा ती कुठल्याही मशीनवर. विंडोजवर नेटस्टॅट आणि लिनक्सवर 'एसएस' कमांडने त्या क्षणी तो पोर्ट कुणाच्या हातात आहे ते बघावं लागतं, आणि ते जोडणी चालू असतानाच. ती संपल्यावर शोधत बसून उपयोग नाही.